गवंड्याचा पेला आणि नगरची न्याहारी

भिंगारला माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात एक पांढरा पेला होता. त्यातून कुणी चहा किंवा दूध प्यायल्याचे मला आठवत नाही. त्याचा कान फार पूर्वीच तुटलेला होता आणि आत्या त्यात तुरटीचे खडे, सुया, दोऱ्याची रिळे असले किडुकमिडुक ठेवीत असे. पेल्याच्या पोटावर काळ्या रेघांचे एक चित्र होते. दोन बाजूंना दोन खांब, खाली काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, वर सूर्य, चंद्र आणि एक उघडा डोळा, आणि मधोमध एकमेकांत अडकवलेले कंपास आणि गुण्या. काठावरची सोनेरी रेघ झिजून जागोजाग उडाली होती. आत्या त्याला गवंड्याचा पेला म्हणे. घर बांधायला आलेल्या गवंड्याच्या हातात तिने गुण्या पाहिला होता, त्यामुळे तिच्या दृष्टीने त्या चित्राचा अर्थ अगदी सरळ होता.

आत्याच्या सासऱ्यांचे म्हणणे मात्र वेगळे होते. १९४७ साली गोरे अधिकारी मायदेशी निघाले तेव्हा कॅम्पातल्या बंगल्यांमधले सामान लिलावात निघाले. सासऱ्यांनी त्यात एक कपाट घेतले आणि हा पेला त्या कपाटाच्या खणात निघाला. तो वेलस्लीसाहेबाचा, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठासून सांगत. नगरच्या किल्ल्याजवळ एक चिंचेचे झाड होते. किल्ला जिंकल्यावर जनरल वेलस्लीने त्या झाडाखाली बसून खाणे केले, अशी गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या वेळी साहेबाच्या हातात होता तो हाच पेला, असा सासऱ्यांचा दावा होता. लहानपणी मी तो खरा मानला. पुढे तो तपासून पाहावा असे वाटले आणि त्या निमित्ताने मी या माणसाच्या चरित्राच्या मागे लागलो. पेल्याचा निकाल लवकर लागला, तो शेवटी सांगतो. पण त्या शोधात जो माणूस भेटला, त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी पेल्यावरच्या चित्राविषयी. ही खूण फ्रीमेसन मंडळींची. शब्दशः अर्थ घेतला तर मुक्त गवंडी. युरोपातली मोठमोठी चर्चे बांधणाऱ्या पाथरवट-गवंड्यांच्या जुन्या संघांचा वारसा सांगणारी ही बंधुमंडळी. १७१७ साली लंडनमध्ये त्यांच्या चार शाखांनी एकत्र येऊन आपली मुख्य सभा स्थापन केली असे परंपरेने मानले जाते. तोवर प्रत्यक्ष थापी हातात धरणारे मागे पडले होते आणि सरदार, वकील, व्यापारी, लष्करी अधिकारी यांचा भरणा झाला होता. हत्यारे मात्र गवंड्याचीच राहिली, फक्त त्यांना नीतीचा अर्थ चिकटला. गुण्या म्हणजे वागणुकीतला सरळपणा, कंपास म्हणजे स्वतःला घातलेली मर्यादा, ओळंबा म्हणजे ताठ उभे राहणे आणि पातळी म्हणजे समता. सभेच्या दाराबाहेर तुम्ही उमराव असा की कारकून, आत सगळे एका पातळीवर, असा त्यांचा दावा.

सभा संपली की जेवण आणि जेवणात ठरलेल्या क्रमाने शुभचिंतनाचे पेले. त्यामुळे या मंडळींची भांडी हा एक स्वतंत्रच प्रकार झाला. पेले, सुरया, पंचपात्रासारखे मोठे वाडगे, सगळ्यांवर कंपास आणि गुण्या. त्यांचे काचेचे पेलेसुद्धा जाड बुडाचे, कारण शुभचिंतनानंतर ते सगळ्यांनी एकदम टेबलावर आपटायचे असत. जर्मनीत माइसेनच्या कारखान्याने १७४०च्या दशकात फ्रीमेसनांच्या चिनी मातीच्या मूर्तीही घडवल्या. चीनचे कारागीर युरोपातून आलेल्या नमुन्यांवरून हीच चिन्हे काढून जहाजे भरभरून भांडी पाठवीत. आपण काय रंगवतो आहोत हे त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

इंग्लंडमध्ये ही भांडी स्वस्त झाली ती छापाच्या युक्तीमुळे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात भट्टीत टिकणारा रंग भरायचा, त्याचा छाप पातळ कागदावर घ्यायचा आणि तो कागद ओला असतानाच भांड्यावर दाबून पुन्हा भट्टी लावायची. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ साली शपथेवर सांगितले की सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा आपण अशा छापल्या. १७५१ साली सुरू झालेल्या वुस्टरच्या पोर्सिलेन कारखान्यात रॉबर्ट हॅन्कॉक हा कोरक्या त्याच सुमारास हे काम करीत होता. एका चित्रकाराने महिनाभर रंगवावे तेवढे काम आता एका दिवसात होऊ लागले. बंधुत्वाची खूण दुकानात विकत मिळू लागली आणि लष्कराच्या पेट्यांतून समुद्रापार गेली. पलटणींबरोबर फिरणाऱ्या फ्रीमेसन शाखांना परवाने देण्याची पद्धत आयर्लंडच्या मुख्य सभेने १७३२ सालीच सुरू केली होती.

आयर्लंडचा उल्लेख मुद्दाम केला, कारण आपल्या कथेचा नायक तिथला. आर्थर वेस्ली १७६९ साली डब्लिनमध्ये जन्मला. घराण्याने आडनावाचे वेलस्ली केले ते पुढे, १७९८च्या सुमारास. वडील गॅरेट वेस्ली, मॉर्निंग्टनचे अर्ल. ते संगीतकार होते आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापकही होते. १७७६ साली ते आयर्लंडच्या फ्रीमेसनांचे सर्वोच्च प्रमुख झाले. थोरला भाऊ रिचर्ड १७८२ साली त्याच पदावर बसला. म्हणजे ही खूण या मुलाच्या घरात देवघरातल्या शाळिग्रामासारखी होती.

मुलगा मात्र कशातच चमकेना. ईटनच्या शाळेत त्याचे लक्ष लागले नाही. वडील १७८१ साली वारले, पैशाची ओढाताण सुरू झाली आणि आईने त्याला आधी ब्रसेल्सला व मग फ्रान्समध्ये आन्झेच्या अश्वविद्यालयात धाडले. व्हायोलिन तेवढे तो बरे वाजवी. १७८७ साली भावाच्या वशिल्याने लष्करात खालच्या पायरीवरची नेमणूक मिळाली. १७९० साली ट्रिम या गावातून तो आयर्लंडच्या संसदेत निवडून आला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला, ट्रिमच्याच ४९४ क्रमांकाच्या शाखेत त्याने फ्रीमेसनांची पहिली दीक्षा घेतली. वय एकवीस. घराण्याची रीत, मतदारसंघाची सोय आणि संध्याकाळचे जेवण, एवढ्या कारणांनी अनेक तरुण ही दीक्षा घेत. त्याने यापेक्षा वेगळ्या भावनेने घेतली असेल असे मानायला आधार नाही.

१७९३ साली त्याने किटी पाकनहॅम या मुलीला मागणी घातली. कर्जबाजारी, धाकटा मुलगा म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला. त्या वर्षी त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पुन्हा कधी वाजवली नाहीत. या माणसाचे सगळे चरित्र मला या एका कृतीत दिसते. जे उपयोगाचे नाही, ते मागे ठेवायचे आणि पुन्हा वळून पाहायचे नाही. व्हायोलिन गेले, आणि ट्रिमची शाखाही तशीच मागे पडली.

फेब्रुवारी १७९७ मध्ये तो आपल्या ३३व्या पलटणीबरोबर कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला आणि धाकट्याचे नशीब उघडले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि आर्थर तिथला कारभारी झाला. १८००च्या सप्टेंबरात धोंडजी वाघाचा पाठलाग करून त्याने त्याला संपवले. त्या लढाईनंतर सामानसुमानात धोंडजीचा चार वर्षांचा मुलगा सलाबत सापडला. वेलस्लीने त्याला आपल्या तंबूत आणले, वाढवले आणि भारत सोडताना त्याच्या संगोपनासाठी पैसे ठेवून गेला. बापाला मारणारा आणि मुलाला सांभाळणारा हात एकच होता. त्याला निव्वळ क्रूर ठरवून मोकळे होता येत नाही ते अशा गोष्टींमुळे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८०२च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. २० एप्रिल १८०३ रोजी वेलस्ली पुण्यात पोचला आणि मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला. पण दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. बोलणी फिसकटली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात युद्ध जाहीर झाले. वेलस्लीची छावणी तेव्हा नगरजवळ वाळकीला होती. ऐन पावसाळा चालू होता आणि समोर नगरचा किल्ला होता.

हा किल्ला कोणता, हे नगरकरांना सांगायला नको. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यावर दगडात बांधलेला, चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला. शिंद्यांनी तो पेशव्यांकडून घेतला होता आणि नाना फडणवीसांना काही काळ याच किल्ल्यात अटकेत ठेवले होते. ८ ऑगस्टच्या सकाळी वेलस्लीने आधी पेठेवर हल्ला केला. पेठेत अरब शिपाई, शिंद्यांची एक कवायती तुकडी आणि घोडदळ होते. तट उंच होता आणि आतून त्याला उभे राहण्यापुरतीही वाट नव्हती. शिड्या लावून वर चढणारे हायलँडर उभे राहायला जागा नाही म्हणून खाली कोसळत होते. कॉलिन कॅम्पबेल नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने तलवार पट्ट्याने मनगटाला बांधली, दोन्ही हातांनी तट धरला आणि आत उडी घेतली. त्याच्यामागे बाकीचे आत शिरले आणि थोड्या वेळात पेठ पडली.

पेशव्यांच्या बाजूने गोखले आडनावाचे एक सरदार तेव्हा इंग्रजी छावणीत होते. ते बापू गोखलेच, असे सामान्यतः मानतात. त्यांनी पुण्याला जे कळवले ते इंग्रजांच्या आठवणींत येते. त्याचा आशय असा की हे लोक विलक्षण आहेत. सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालून गेले, आतले लोक मारले आणि न्याहारीला परत फिरले. नगरच्या चिंचेखालच्या गोष्टीचे मूळ मला इथे कुठेतरी असावे असे वाटते. पण गोखल्यांच्या या कौतुकाला पुढचा इतिहास माहीत असलेल्याने हसून चालणार नाही. हेच बापू गोखले १८१८च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले.

९ तारखेला किल्ल्याची पाहणी झाली. रात्रीतून मोर्चा बांधून १० तारखेच्या पहाटे तोफा सुरू झाल्या. ११ला किल्लेदाराने बोलणी लावली आणि १२ ऑगस्टला सुमारे चौदाशे शिबंदी आपापले खासगी सामान घेऊन बाहेर पडली. सगळ्या मोहिमेत इंग्रजांचे ठार आणि जखमी मिळून दीडशेच्या जवळपास. वेलस्लीने पुढे लिहून ठेवले की वेल्लोर सोडले तर इतका भक्कम देशी किल्ला आपण पाहिला नाही. तरीही तो चार दिवसांत गेला. दगड भक्कम होता, पण त्यामागची फौज आणि राजकारण भक्कम नव्हते.

नगर हा त्याचा तळ झाला. धान्य, दारूगोळा, बैल, सारे इथून हलू लागले. याच सुमारास आजारी माल्कमच्या जागी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच्याजवळ आला. २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला जी लढाई झाली, तिच्यात वेलस्लीची सुमारे दीड हजार माणसे ठार किंवा जखमी झाली. त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने पडला आणि दुसऱ्याला भाला लागला. आपण लढलेल्या लढायांत ही सर्वांत चांगली, असे तो म्हातारपणीही मानत असे. वॉटर्लू नव्हे, असई. नोव्हेंबरात आडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा नगरवरचा हक्क संपला.

लढायांच्या गोष्टी इथे संपतात आणि नगरची खरी गोष्ट इथे सुरू होते. आधी होळकर आणि पेंढारी यांच्या स्वाऱ्यांनी मुलूख धुऊन नेला होता. त्यातच १८०३चा पाऊस हुकला. जे होते ते फौजांनी खाल्ले, घोड्याबैलांनी खाल्ले. १८०४ साली नगर भागात जो दुष्काळ पडला, त्याची आठवण पुढे कित्येक पिढ्या राहिली. गावेच्या गावे ओस पडली. किल्ल्यातला सेनापती हे पाहत होता आणि त्याने त्यावर लिहिलेही. सरसकट अन्न वाटण्यापेक्षा धडधाकट माणसांना सार्वजनिक कामे काढून मजुरी द्यावी आणि आजाऱ्यांची सोय वेगळी करावी, असे त्याचे धोरण होते. पुढे इंग्रजी राज्यात दुष्काळी कामे म्हणून जी पद्धत रूढ झाली, आणि रोजगार हमीपर्यंत जिचा धागा नेता येतो, तिची ही एक सुरुवातीची खूण म्हणता येईल. पण ज्या हातांना त्याने काम दिले, त्यांच्या तोंडचा घास पळवण्यात त्याच्या फौजेचाही वाटा होता, हेही तितकेच खरे. पेल्यावरच्या नव्हे, तर खऱ्याखुऱ्या कुदळी, पाट्या आणि थाप्या त्या वर्षी नगरच्या उपाशी माणसांच्या हातात होत्या. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठे लिहिलेले नाही.

दख्खनच्या या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला भेट म्हणून सोन्याचे पात्र द्यायचे ठरवले. पुढे त्याऐवजी सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा जेवणाचा मोठा संच करण्यात आला. तो दख्खन संच लंडनमध्ये त्याच्या ॲप्सली हाउस या घरात आहे. मार्च १८०५ मध्ये तो भारतातून निघाला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे बेचाळीस हजार पौंड होते. कर्जबाजारी धाकटा मुलगा आता श्रीमंत झाला होता. १८०६ साली त्याने किटीशी लग्न केले. मधल्या वर्षांत दोघेही बदलले होते आणि ते लग्न सुखाचे झाले नाही.

पुढचे जग जाणते. १८०८पासून पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये फ्रेंचांशी सहा वर्षे युद्ध, १८१४ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी, १८ जून १८१५ला वॉटर्लू आणि नेपोलियनचा शेवट. पण आपल्या पेल्याच्या दृष्टीने महत्त्वाची घटना पोर्तुगालात घडली. १८०९च्या अखेरीस लिस्बनमध्ये काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी फ्रीमेसनांची चिन्हे मिरवत मिरवणूक काढली. त्या देशाच्या कायद्याने आणि धर्मसत्तेने ही मंडळी निषिद्ध होती. जानेवारी १८१०मध्ये वेलिंग्टनने कळवले की पोर्तुगालात असेपर्यंत सभा, चिन्हे, मिरवणुका सगळे बंद ठेवावे. यजमानांच्या भावना दुखवायच्या नाहीत, हा त्यामागचा व्यवहार. आपण स्वतःही कधीकाळी त्यांच्यातले होतो, याचा त्याच्या कारभारावर काही परिणाम दिसत नाही.

वॉटर्लूनंतर युरोपातल्या राजांनी त्याच्यावर भेटींचा वर्षाव केला, आणि त्यांत चिनी मातीची भांडी पुढे होती. प्रशियाच्या राजाने बर्लिनच्या कारखान्यात संच करवून घेतला. त्याच्या ताटल्यांवर ड्यूकचे सगळे आयुष्य रंगवले आहे. बालपण, ईटन, भारत, स्पेन, वॉटर्लू. मधोमध हिरव्या पोर्सिलेनचा एक स्तंभ आणि त्यावर त्याच्या पदव्या व मानचिन्हे. सॅक्सनीच्या राजाने माइसेनचा संच दिला, ऑस्ट्रियाच्या सम्राटाने व्हिएन्नाचा. फ्रान्सच्या अठराव्या लुईने दिलेला सेव्हरचा इजिप्शियन संच तर मुळात जोसेफिनसाठी केलेला होता आणि तिने तो नाकारला होता. एका माणसाचे चरित्र इतक्या ताटल्यांवर क्वचितच कुणी लिहिले असेल. खुद्द त्याला खाण्यापिण्यात फारसा रस नव्हता. श्रीरंगपट्टणच्या दिवसांत भाजलेले मटण आणि कोशिंबीर एवढ्यावर तो खूश असे, अशी त्याच्या एका सहकाऱ्याची आठवण आहे.

या सगळ्या भांड्यांत बंधुमंडळांची चिन्हे आहेत, पण ती राजांच्या बंधुमंडळांची. बाथ, गार्टर, गोल्डन फ्लीस. तारे, फिती आणि साखळ्या. हीही एक प्रकारची भाऊबंदकीच, पण तिच्यात पातळी नाही, पायऱ्या आहेत. ट्रिमच्या शाखेत ज्या गुण्या-पातळीची शपथ घेतली होती, ती या माणसाला कधी मानवली नसावी. मला हा त्याचा ढोंगीपणा वाटत नाही. उलट समतेचा आव आणून सरदारांच्या पंक्ती उठवणाऱ्यांपेक्षा तो सरळ होता. पायऱ्यांवर त्याचा विश्वास होता आणि तो त्याने लपवला नाही. १८२८ साली तो पंतप्रधान झाला. १८२९ साली कॅथलिकांना संसदेची दारे उघडणारा कायदा त्यानेच स्वपक्षाचा रोष पत्करून मंजूर करून घेतला. पण मताधिकार वाढवण्याला त्याने कडवा विरोध केला. १८३१ साली जमावाने त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या, तेव्हा त्याने तिथे लोखंडी झडपा बसवल्या. लोखंडी ड्यूक या नावाला त्या झडपांचाही हातभार लागला.

फ्रीमेसन मात्र त्याला सोडायला तयार नव्हते. १८३८ साली डब्लिनच्या एका गृहस्थाने एका शाखेला त्याचे नाव देण्याची परवानगी मागितली. ड्यूकने उत्तर दिले की ट्रिमला आपण सर्वांत खालच्या पायरीवर दाखल झाल्याचे आठवते, पण त्यानंतर आपण कुठल्याही सभेला गेलो नाही, तेव्हा आपले नाव देणे हास्यास्पद ठरेल. १८५१ साली पुन्हा कुणी विचारले. या वेळी उत्तर आणखी कोरडे होते. आपण फ्रीमेसन झाल्याचे आपल्याला आठवत नाही आणि त्या मंडळाची आपल्याला माहिती नाही. तेरा वर्षांपूर्वी आठवत होते, ते आता आठवेना. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर १८५२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो वॉल्मर किल्ल्यात वारला. वडिलांनी आणि भावाने ज्या खुर्चीत बसून मान मिळवला, ती खुर्ची त्याच्या स्मरणातून निघून गेली होती. प्रसिद्ध फ्रीमेसनांच्या याद्यांत त्याचे नाव आजही आढळते.

त्या भावंडांच्या सभेचे आपल्या देशात काय झाले, तेही सांगायला हवे. मुंबईत फ्रीमेसनांची शाखा अठराव्या शतकातच निघाली होती, पण ती गोऱ्यांची. देशी माणसांसाठी पातळीचे तत्त्व दाराशीच थांबे. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. अखेर १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही शाखा निघाली आणि एतद्देशीयांना दार उघडले. म्हणजे वेलस्लीने नगरला न्याहारी केल्यानंतर एका टेबलावर बसून पेला उचलायला चाळीस वर्षे लागली, आणि तीही मोजक्या धनिकांना. मोलाने दगड रचणारा खरा गवंडी त्या टेबलाशी कधी बसला नाही.

आता पेल्याचा निकाल. एकदा आत्याच्या परवानगीने मी तुरटी काढून पेला नीट धुतला आणि उलटा केला. बुडाला अर्धवट पुसलेला छाप होता. कारखान्याचे नाव वाचता येत नव्हते, पण खाली एक शब्द स्पष्ट होता : इंग्लंड. अमेरिकेने परदेशी मालावर देशाचे नाव असावे असा कायदा केला, तो १८९१ पासून अमलात आला. इंग्लंडमधले कारखानदार सर्वसाधारणपणे तेव्हापासून बुडाला हा शब्द छापू लागले. म्हणजे पेला घडला तेव्हा वेलस्लीला जाऊन जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसली. ही हाडांची राख मिसळलेली इंग्लिश माती. कॅम्पातल्या कुणा नंतरच्या अधिकाऱ्याने तो हौसेने आणला असणार आणि जाताना खणात विसरला असणार.

मी हे आत्याला सांगितले तेव्हा सासऱ्यांचा दावा खोटा ठरल्याचे तिला काही वाटले नाही. तिने पेला पुसला, तुरटी आणि सुया पुन्हा आत टाकल्या आणि मला विचारले की मग हा आहे तरी कुणाचा. मी सांगू लागलो, बंधुमंडळ, दीक्षा, समतेची पातळी, ट्रिम, लिस्बन. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने गुण्यावर बोट ठेवले आणि म्हणाली की घर बांधताना आपल्याकडे आलेल्या गवंड्याला ती चहा वेगळ्या कपात देत असे, तो कप बाहेर ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला असे. एवढे बोलून ती गप्प झाली आणि फडताळ लावून घेतले.

नगरच्या किल्ल्याने नंतरही मोठी माणसे पाहिली. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी तिथे स्थानबद्ध होते, आणि मौलानांनी तिथून लिहिलेल्या पत्रांत आपल्या बिनदुधाच्या चिनी चहाविषयी रसाळपणे लिहिले. तिथला इतिहास सांगताना आपण कोण जिंकले आणि कोण कैदेत होते ते सांगतो. मला आता त्या किल्ल्याजवळून जाताना चिंचेखालच्या साहेबापेक्षा १८०४ सालच्या दुष्काळात मजुरीवर उभी राहिलेली ती माणसे आठवतात, आणि आत्याच्या ओसरीतला तो कोनाडा आठवतो. वेलिंग्टन आपली खूण विसरला, त्याला तरी पदव्यांचे निमित्त होते. आपण गुण्या रोज पाहत होतो, तरी त्याचा अर्थ आपल्या घरात कुणी वाचला नाही. आत्या गेल्यावर पेला माझ्याकडे आला. त्याला चिकटलेली गोष्ट मी काढून टाकली आहे, पण नाव तिने दिलेलेच ठेवले आहे. गवंड्याचा पेला.